इंटरनेटचा पेपर पास झाला, पत्ता वाचता येतो का?



व्याख्यानमालेच्या संयोजकांनी आम्हाला विषय दिला आहे 'महाविद्यालयातली इंटरनेट साक्षरता'. आम्ही म्हणजे बारामती आणि इंदापूर तालुक्यांत पदवीच्या वर्गांना शिकवणारी काही मंडळी. आज बोलणारा एकच असला तरी टिपणं सगळ्यांनी मिळून काढली आहेत, म्हणून बोलताना 'आम्ही' असंच येईल.

एखाद्या पुस्तकाचं परीक्षण करावं तसं आज या अभ्यासक्रमाचं परीक्षण करायचं आहे. त्यात काय दिलंय, काय राहिलंय, आणि लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वाचक कोण होता, एवढंच बघायचं. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा तासभर तुम्हाला ते तपासून बघता येईल. आपल्याकडे इंटरनेट शिकवतात ते यंत्र म्हणून. ते वाचावं लागतं, आणि ते वाचन बसून शिकावं लागतं, ही गोष्ट अभ्यासक्रमात जवळजवळ नाहीच. सणसर, लासुर्णे, निमगाव केतकी, भिगवण इथून एसटीच्या पासावर कॉलेजला येणाऱ्या मुलामुलींना नेमकी त्याच वाचनाची गरज आहे.

अभ्यासक्रमात काय आहे

आधी ज्याचं श्रेय त्याला देऊ. महाराष्ट्रात २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झालं आणि पुढच्या वर्षी एमएस-सीआयटी सुरू झाली. सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागायला लागलं आणि तालुक्याच्या गावागावांत केंद्रं निघाली. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या कितीतरी लोकांनी माउस पहिल्यांदा हातात धरला तो तिथे. यंत्राची भीती घालवणं हे त्या काळाचं काम होतं आणि ते झालं. पुढे २०१७ साली केंद्र सरकारने प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान काढलं. सहा कोटी ग्रामीण कुटुंबांतल्या प्रत्येकी एका माणसाला वीस तासांत डिजिटल साक्षर करायचं, असं त्याचं उद्दिष्ट. तिथेही भर उपकरण चालवण्यावर आणि सेवा वापरण्यावर होता.

आता कॉलेजकडे येऊ. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली दोन गोष्टी केल्या. एक, सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रम पदवी आणि पदव्युत्तर वर्गांसाठी जाहीर केला. दुसरी, डिसेंबरमध्ये नव्या शैक्षणिक धोरणाचा श्रेयांक आराखडा आणला. त्यात 'मूल्यवर्धित' विषयांच्या यादीत 'डिजिटल अँड टेक्नॉलॉजिकल सोल्युशन्स' असा एक गट आहे. नाव ऐकून आम्हाला वाटलं, चला, आता आपला विषय आला. त्याखालची यादी बघा: कृत्रिम बुद्धिमत्ता, थ्री-डी मशिनिंग, बिग डेटा, मशीन लर्निंग, ड्रोन, डीप लर्निंग. सगळे विषय महत्त्वाचे आहेत, वाद नाही. पण आलेला संदेश खरा की खोटा हे कसं ठरवायचं, यासाठी त्या यादीत एक शब्दही नाही. संलग्न कॉलेजांमध्ये हा आराखडा २०२४-२५ पासून लागू झाला. म्हणजे बीएच्या पहिल्या वर्षाच्या मुलीला डीप लर्निंगचं नाव ठाऊक होईल, पण शिष्यवृत्तीची लिंक उघडावी की नाही हे तिने मैत्रिणीला विचारायचं.

यादी करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कोण वाचक होता, हे यावरून कळतं. उद्या बंगळूरला नोकरी करणारा मुलगा त्यांना दिसत होता. आज रात्री घरी जाऊन आईच्या फोनवर आलेला 'पीएम किसान'चा संदेश वाचून दाखवणारी मुलगी त्यांना दिसली नाही.

प्रश्नपत्रिका आणि पत्ता

कुठल्याही विषयाचा खरा अभ्यासक्रम प्रश्नपत्रिकेत असतो. मुलं तेवढंच वाचतात, हे आपण सगळे जाणतो. संगणकाच्या पेपरात वर्षानुवर्षं येणारे प्रश्न आठवा. अर्पानेटचं पूर्ण रूप सांगा. लॅन, मॅन आणि वॅन यांतला फरक लिहा. इंटरनेटचे फायदे-तोटे सांगा. मुलं लिहितात, आणि छान लिहितात. अर्पानेट १९६९ चं, टीसीपी-आयपी १९८३ चं, भारतात व्हीएसएनएलने सर्वसामान्यांना इंटरनेट दिलं १५ ऑगस्ट १९९५ ला. पैकीच्या पैकी मार्क.

आता आम्ही वर्गात काय करतो ते सांगतो. फळ्यावर दोन पत्ते लिहितो. पहिला, 'महाडीबीटी डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन'. दुसरा आम्हीच रचलेला, 'महाडीबीटी डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट कॉम'. मग विचारतो, यातला सरकारी कुठला? बरेच हात दोन्हींना वर होतात. मुलं म्हणतात, सर, दोन्हींत 'गव्ह डॉट इन' आहे की!

ही मुलं अजिबात ढ नाहीत. पत्ता कुठून वाचायचा हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही, एवढंच. आणि गंमत अशी, की ते त्यांना दुसऱ्या रूपात चांगलं ठाऊक असतं. आपण पाकिटावर पत्ता लिहितो: अमुक अमुक, मु. पो. सणसर, ता. इंदापूर, जि. पुणे. सगळ्यांत मोठं ठिकाण शेवटी. पाकीट आधी जिल्ह्याला जातं, मग तालुक्याला, मग गावाला. एखाद्याने आपल्या टपरीचं नाव 'जिल्हाधिकारी कार्यालय' ठेवलं तर तो जिल्हाधिकारी होत नाही; टपरी कुठल्या गावात आहे ते पत्त्याच्या शेवटी कळतं. इंटरनेटचा पत्ता तसाच असतो. पहिली तिरपी रेघ येते तिच्या आधीचा शेवटचा तुकडा आधी बघायचा. तो 'गव्ह डॉट इन' असेल तर ते नाव सरकारी संस्थेलाच मिळतं. 'एसी डॉट इन' शिक्षणसंस्थेला मिळतं. शेवटी 'डॉट कॉम' असेल तर ते नाव पैसे भरून कोणीही घेऊ शकतो, त्याच्या पुढे-मागे काहीही लिहिलेलं असो.

हे समजायला दहा मिनिटं लागतात. मग दुसरा प्रश्न टाकायचा. आपल्या विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचं नाव २०१४ साली मिळालं, पण संकेतस्थळाचा पत्ता अजून 'युनिपुणे डॉट एसी डॉट इन'च आहे. नवं नाव त्यात नाही, मग तो खोटा म्हणायचा का? इथे मुलं विचार करायला लागतात. नुसत्या नावावरून काही ठरत नाही, नाव कोणी दिलं ते बघावं लागतं, हे त्यांच्याच तोंडून येतं. वाचन शिकणं म्हणजे एवढंच.

आता कुलपाचं बघा. पत्त्याच्या डाव्या बाजूला कुलूप दिसलं की साइट सुरक्षित, असं कित्येक पुस्तकांत आणि भित्तिपत्रकांत अजून छापलेलं आहे. कुलपाचा खरा अर्थ एवढाच, की तुमचा फोन आणि ती साइट यांच्यातलं बोलणं मधल्या कोणाला ऐकू जात नाही. पलीकडे बसलेला चोर आहे की साव, हे कुलूप सांगत नाही. चोराशीसुद्धा बंद खोलीत बोलता येतंच. लोकांचा हा गैरसमज होतो हे ओळखून गूगलने २०२३ साली क्रोममधलं ते कुलपाचं चिन्हच काढून टाकलं. आपल्या नोट्समध्ये ते अजून आहे, आणि त्यावर दोन मार्क मिळतात.

हे दोन मार्क किती महाग पडतात, ते घरोघरी कळतं. गाडीचं चलान आलंय म्हणून व्हॉट्सॲपवर एक फाइल येते. ती एपीके असते, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून फोनमध्ये शिरणारं ॲप. ते संदेश वाचायची परवानगी मागतं. आपण 'अलाऊ' दाबतो, आणि तिथून पुढे बँकेचा ओटीपी आपल्या आधी तिकडे पोचतो. कांद्याची पट्टी, दुधाचं बिल, उसाचा हप्ता ज्या खात्यात येतो तेच हे खातं. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, फक्त देण्यासाठी लागतो, हे एक वाक्य कळलं असतं तर कितीतरी घरांचं नुकसान टळलं असतं. अभ्यासक्रमात यूपीआयचं पूर्ण रूप आहे. हे वाक्य शोधून बघा.

सेवा केंद्राच्या वहीतला पासवर्ड

आणखी एक गोष्ट, जिची चर्चा होत नाही. वर्गातल्या बऱ्याच मुलांचा शिष्यवृत्तीचा अर्ज गावातल्या सेवा केंद्रावर भरला जातो. ते केंद्र नसतं तर अर्जच भरला गेला नसता, हेही खरं. पण युजर आयडी आणि पासवर्ड राहतो केंद्रचालकाच्या वहीत. मोबाईल नंबर कधी घरच्यांचा, कधी काकांचा, कधी केंद्रचालकाचाच. अर्जात त्रुटी निघते, तो परत पाठवला जातो, त्याचा संदेश जातो त्या नंबरवर. मुलाला कळतं तेव्हा मुदत संपलेली असते. मग आमच्याकडे येऊन तो म्हणतो, "सर, माझी स्कॉलरशिप आली नाही." तुझा आयडी काय, असं विचारलं की गप्प.

हा मुलगा दिवसाला चार तास फोन वापरतो. रील बनवतो, गाणी जोडतो, गावच्या यात्रेचा व्हिडिओ असा करतो की बघत राहावं. त्याला इंटरनेट येत नाही असं कोण म्हणेल? आणि त्याच मुलाला स्वतःच्या नावाचं खातं स्वतःच्या हातात ठेवता येत नाही. 'आजकालची पोरं जन्मतःच शिकून येतात' असं स्टाफरूममध्ये म्हणतात, त्यात अर्धीच गोष्ट आहे. बोटं शिकून येतात.

एका तासाचं व्याख्यान

यावर कॉलेजांचा नेहमीचा उपाय काय? सभागृहात एक कार्यक्रम. दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी सायबर जागरूकता दिवस पाळावा असं ठरलेलं आहे. पाहुणे येतात, पुष्पगुच्छ होतो, चाळीस मिनिटांचं भाषण होतं, फोटो निघतो, अहवाल जातो. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये डिजिटल अरेस्टबद्दल सांगितलं: थांबा, विचार करा, मग कृती करा. सल्ला योग्यच आहे. कायद्यात डिजिटल अरेस्ट असा प्रकारच नाही, हे देशभर कळायलाच हवं होतं. पण 'विचार करा' म्हणजे नेमकं काय करा, हे शिकवण्याचं काम वर्गाचं आहे, आणि ते सभागृहात होत नाही.

हे आम्ही मनाने सांगत नाही. बिहारमध्ये यावर दोन मोठे प्रयोग झाले आहेत, आणि ते शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. पहिला २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळचा, सुमित्रा बद्रिनाथन यांचा. घरोघरी जाऊन लोकांना सुमारे तासभर शिकवलं, की खोट्या बातमीची शहानिशा कशी करायची. नंतर तपासलं तर एकूण फरक काहीच दिसला नाही. दुसरा प्रयोग त्यांनी आणि सहकाऱ्यांनी नंतर केला, सरकारसोबत, शाळकरी वयाच्या १३ हजारांहून अधिक मुलामुलींवर. या वेळी वर्ग सुमारे चौदा आठवड्यांत विभागून घेतले, गृहपाठ दिला. या वेळी फरक पडला. मुलांना खरं-खोटं जास्त नीट ओळखता आलं, काही महिन्यांनी तपासलं तरी ते टिकून होतं, आणि त्यांच्या आईवडिलांमध्येसुद्धा थोडा फरक दिसला.

तासाभराच्या भाषणाने होत नाही आणि सेमिस्टरभराच्या वर्गाने होतं, असा याचा सरळ अर्थ. आणि सेमिस्टर तर आपल्या हातात आहे! दोन श्रेयांकांचा विषय म्हणजे तीस तास. बिहारच्या मुलांना मिळाले त्याहून जास्त वेळ आपल्याकडे आहे. तो जातो कुठे, तर अर्पानेटमध्ये.

बारामतीला हे नवं नाही

आता थोडं आपल्याच गावाबद्दल. बारामतीत तंत्रज्ञान शेतीपर्यंत नेण्याचे प्रयत्न फार आधीपासून चाललेत. २००३ च्या सुमारास आयआयटी मुंबईतल्या संशोधकांनी 'ऑलमोस्ट ऑल क्वेश्चन्स आन्सर्ड' म्हणजे 'जवळपास सगळ्या प्रश्नांची उत्तरं' नावाची सेवा सुरू केली. शेतकऱ्याने मराठीत प्रश्न टाकायचा, रोग पडलेल्या पानाचा फोटो जोडायचा, आणि बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातले तज्ज्ञ उत्तर द्यायचे. स्मार्टफोन यायच्या आधीची ही गोष्ट आहे.

त्या सेवेत आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते तिचं तंत्र नव्हे. उत्तर कोण देतंय हे माहीत होतं. उत्तर चुकलं तर शारदानगरला जाऊन "साहेब, तुम्ही सांगितलेलं फवारलं, हे बघा काय झालं" असं म्हणता येत होतं. म्हणजे माहितीला पत्ता होता आणि जबाबदार माणूस होता.

असाच एक अनुभव वारणानगरचा. १९९८ साली कोल्हापूर-सांगलीतल्या सत्तर गावांत 'वायर्ड व्हिलेज' म्हणून संगणक बसवले. मोठमोठी स्वप्नं होती. प्रत्यक्षात शेतकऱ्यांनी त्याचा मुख्य उपयोग केला तो आपल्या उसाचं वजन आणि कारखान्याचा हिशोब बघायला. पुढे संशोधकांनी संगणकाच्या जागी साध्या मोबाईलचे एसएमएस वापरून तेच काम करून दाखवलं. यंत्र बदललं तरी शेतकऱ्याचा प्रश्न तोच राहिला: माझा ऊस किती भरला? भवानीनगर किंवा माळेगावच्या सभासदाला हे वेगळं सांगायला नको.

आज बारामती पुन्हा बातमीत आहे. ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या मदतीने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरली, आणि २०२५ च्या सुरुवातीला सत्या नडेला यांनी तिचं उदाहरण जगापुढे ठेवलं. आम्हाला त्याचा अभिमान आहे. पण त्याच शिवारातली मुलं प्रकल्पाचं लिखाण चॅटबॉटकडून आणतात आणि खाली संदर्भ म्हणून जी पुस्तकं देतात त्यांतली काही कधी छापलीच गेलेली नसतात. त्यांनी ती बनवलेली नाहीत, यंत्राने बनवली आहेत. त्यांनी फक्त तपासलं नाही, कारण तपासायचं असतं हे कोणी सांगितलं नाही. २००३ च्या उत्तराला पत्ता होता. आजच्या उत्तराला तो नाही, म्हणून आज वाचणाऱ्याचं काम वाढलंय.

फोनवरची अफवा आणि पाच माणसं

काही जणांना वाटेल, पैसे जातात, मार्क जातात, ठीक आहे, शिकतील हळूहळू. त्यांना १ जुलै २०१८ ची आठवण करून द्यावी लागते. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजारात आलेल्या पाच माणसांना जमावाने मुलं पळवणारी टोळी समजून ठार मारलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे, बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले होते. इंदापूरवरून नीरा ओलांडली की माळशिरस, पुढे पंढरपूर, मग मंगळवेढा. इतक्या जवळची माणसं ती. त्याआधी कित्येक दिवस मुलं पळवणाऱ्या टोळ्यांचे व्हिडिओ फोनोफोनी फिरत होते.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने 'फॉरवर्डेड' ही खूण आणली आणि भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पाठवता येईल अशी मर्यादा घातली. कंपनीने आपल्या बाजूचं काहीतरी केलं. आपल्या अभ्यासक्रमाने त्या घटनेनंतर काय केलं? हा व्हिडिओ कुठला, कधीचा, आवाज मूळचा की नंतर चढवलेला, हे विचारायला किती कॉलेजांत शिकवतात?

कान आणि डोळे यांत चार बोटांचं अंतर, असं आपल्याकडे म्हणतात. ऐकलेलं आणि पाहिलेलं यांत फरक करा, असा त्याचा अर्थ. व्हिडिओने ते अंतरच पुसून टाकलं. ऐकीव गोष्ट आता डोळ्यांना दिसते, आणि डोळ्यांनी पाहिलं म्हणून माणूस शपथेवर सांगतो.

भीतीचा तास

एक धोका दुसऱ्या बाजूचाही आहे. सायबर सुरक्षेचे बहुतेक कार्यक्रम भीतीवर चालतात, आणि भीती सगळ्यांवर सारखी पडत नाही. 'असर'च्या २०२३ च्या पाहणीत १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलामुलींना विचारलं. फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी १९.८ टक्क्यांकडे. अर्ध्याहून कमी. अशा घरात 'मुलींनो, फोटो टाकू नका, अनोळखी माणसाशी बोलू नका' एवढंच भाषण झालं, की पालकांना हवं ते कारण मिळतं. फोन काढून घेतला जातो. आणि एखादी मुलगी खरोखर अडकली, कोणी फोटोवरून धमकावू लागलं, तर ती घरी सांगतच नाही. फोन जाईल, मग कॉलेज जाईल, ही भीती धमकीपेक्षा मोठी असते.

म्हणून अभ्यासक्रमात भीतीआधी वाट दाखवायला हवी. पैसे गेले तर १९३० वर लगेच फोन. जितका लवकर, तितकी रक्कम मधेच गोठवता येण्याची शक्यता जास्त. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांची तक्रार नाव न सांगताही करता येते. पुरावा कसा जपायचा, तर संदेश न पुसता, स्क्रीनशॉट काढून, तारीख-वेळेसह. हे प्रत्येक मुलीच्या वहीत हवं. आयटी कायद्याची कलमं पाठ करण्यापेक्षा याची गरज जास्त आहे.

मग शिकवायचं काय

टीका झाली, आता आमचा पर्याय सांगतो. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे प्राध्यापक, स्टॅनफर्डचे विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस यांना काही संकेतस्थळं दाखवली. प्राध्यापक आणि विद्यार्थी ते पान वरपासून खालपर्यंत नीट वाचत बसले आणि त्यांतले बरेच फसले. तपासनिसांनी ते पान लगेच सोडलं, शेजारी दुसऱ्या खिडक्या उघडल्या आणि 'या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात' ते पाहिलं. याला आम्ही वर्गात 'आडवं वाचन' म्हणतो. पान उभं वाचण्याआधी आडवं वाचा.

याला आपल्याकडे एक चांगला शब्द तयार आहे: पंचनामा. शेतात नुकसान झालं, चोरी झाली, की तलाठी किंवा पोलीस येतात. कधी झालं, कुठे झालं, कोणी पाहिलं, काय दिसतंय, हे लिहितात आणि पंचांच्या सह्या घेतात. मनाचं काही लिहीत नाहीत. आमचं म्हणणं असं, की तीस तासांत प्रत्येक विद्यार्थ्याने दर आठवड्याला त्याच्याच फोनवर आलेल्या एका संदेशाचा पंचनामा करावा. मूळ कोणी म्हटलं? कधी म्हटलं? पत्ता काय? त्याच्याशी संबंध नसलेले दोन पंच कोण, म्हणजे स्वतंत्र दुजोरा कुठे मिळतो? आणि शेवटी, किती खात्रीने सांगता येतं? 'नक्की सांगता येत नाही' हे उत्तरही पूर्ण मार्कांचं धरावं. सगळंच खोटं म्हणणारा मुलगा सगळंच खरं मानणाऱ्याइतकाच निरक्षर.

परीक्षाही तशीच. फोन हातात, वीस मिनिटं, समोर एक संदेश. पाठ करून येण्यासारखं त्यात काही उरत नाही, आणि कॉपी करायची तर कसली?

साहित्य बाहेरून आणायला नको. सातबारा घ्या. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळतो. तो खरा कसा ओळखायचा, नुसता बघण्यापुरता असलेला आणि स्वाक्षरीचा यांत फरक काय, हा एक पूर्ण तास होतो. ई-पीक पाहणी, बाजारभावाचा फिरता स्क्रीनशॉट, उजनी किती टक्के भरलं याचे पावसाळ्यात येणारे दहा संदेश, ही सगळी आमची पाठ्यपुस्तकं. उजनीचा आकडा मुलं तपासतात तेव्हा वर्गात जो गोंधळ होतो तो बघण्यासारखा असतो, कारण तो आकडा घरी जाऊन सांगायचा असतो.

इथे थांबतो. दोन प्रश्न आले आहेत, ते घेतो.

प्रश्न: हे शिकवायला शिक्षक कुठून आणायचे? संगणकाच्या सरांना आधीच वेळ नसतो.

हा विषय संगणकाच्या सरांचा नाहीच, असं आमचं मत आहे. साधनांची छाननी इतिहासाचे शिक्षक रोज शिकवतात. मजकूर कोण, कोणासाठी, कशाला लिहितो, हे मराठीचे शिक्षक शिकवतात. आकड्यांची दिशाभूल अर्थशास्त्राच्या आणि संख्याशास्त्राच्या लोकांना दिसते. ग्रंथपालाइतका तयार माणूस तर कॉलेजात दुसरा नसतो, आणि त्याला आपण फक्त पुस्तकं द्यायला-घ्यायला बसवतो. आम्ही जी मंडळी आज बोलतोय त्यांत संगणकाचा शिक्षक एकच आहे.

प्रश्न: माझा मुलगा मोबाईलवरच्या चॅटबॉटला विचारून उसावर काय फवारायचं ते सांगतो. ऐकावं का?

दादा, मुलाला म्हणा, त्याला जरूर विचार, पण उत्तर तिथून घेऊ नकोस. त्याच्याकडून प्रश्न घे: रोग कुठला असू शकतो, काय काय तपासायचं. मग औषधाच्या बाटलीवरचं लेबल आणि आतला कागद वाच. कुठल्या पिकावर, कुठल्या किडीसाठी, किती प्रमाणात, हे तिथे छापणं कायद्याने बंधनकारक आहे. त्यात ऊस नसेल तर थांब. शेवटी कृषी विज्ञान केंद्रात पानासकट जाऊन विचार. एवढं सगळं त्याने केलं तर त्याचं जरूर ऐका, कारण मग तो आमच्या पेपरात पास झालेला असेल.